रिवालचा मेणाचा क्रूस

"अंमलदार, क्रूस चोरीला गेला!"

अझेनोरच्या हाकेसरशी बंदराचा अंमलदार गोनेरी धावतच तिच्या घरी आला. समुद्रात बुडालेल्याचं प्रेत वर्षभरात हाती लागलं नाही, की पोर्लान गावात त्याच्या नावाचा मेणाचा क्रूस करतात, रात्रभर जागवतात आणि सकाळी पुरतात. पुरला की माणूस गेला. मग त्याची वाट बघायची नाही.

रिवालचा क्रूस आज पुरायचा होता. टेबलावर नुसतं पांढरं फडकं उरलं होतं. शेजारचा चांदीचा दिवा जागच्या जागी.

"नवऱ्याला माती द्यायचीही सोय ठेवली नाही मेल्यानं!" अझेनोर रडत होती.

"पहाटे इथे कोण होतं?"

"मी आणि मामंजी. माझा जरा डोळा लागला."

सासरा तुदाल दारातच उभा होता, ओला कोट छातीशी गच्च आवळून, कुडकुडत. म्हणे, चोराला शोधून आला.

"तुदालबाबा, शेकोटीपाशी या की."

"मी बरा आहे इथंच."

"रिवालला नेणारी लाट आली तेव्हा होडीत कोण कोण होतं?"

"आम्ही दोघंच बापलेक."

"रिवालचं सामान?"

"काही आलं नाही," अझेनोरच म्हणाली. "होडीतल्या पेटीत कुलपात असायचं ते पांघरूणसुद्धा नाही."

गोनेरीला पुढे विचारवेना. पण आता गप्प बसणं पाप होतं.

"बाबा, लाट माणूस नेईल, कुलपातलं पांघरूण कसं नेईल? ते तुम्हीच त्याच्या हाती दिलंत. तेव्हा जर्सी बेटाची जहाजं इथंच फिरत होती, त्यांच्या राजाचा परवाना घेऊन लुटणारी. खंडणी कबूल केली की होडी सोडतात आणि पैसे येईस्तोवर माणूस ओलीस ठेवतात. रिवाल जिवंत आहे. जिवंत पोराचा क्रूस कुठला बाप पुरू देईल? मेण वितळेल म्हणून तुम्ही आगीजवळ येत नाही. काढा तो."

म्हाताऱ्यानं कोटातून क्रूस काढला. अंगाच्या उबेनं तो वाकला होता.

"वाटलं, हंगाम बरा गेला की सोडवून आणीन," तो हुंदके देत म्हणाला. "मासळीनं दगा दिला. होडी वाचवायला पोटचा पोर ठेवून आलो, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"होडी विकायची होती!"

"मग खाल्लं काय असतं, पोरी?"

"मी वर्षभर काळे कपडे घालून तुमचीच समजूत काढली, मामंजी. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात!"

तुदाल मटकन खाली बसला.

अझेनोरनं डोळे पुसून शाल घेतली. "उठा. होडीला गिऱ्हाईक बघू."

"आणून सोडतील गं त्याला. पण तो मला बाबा म्हणेल का?"

"मी असते तर म्हटलं नसतं," ती म्हणाली, आणि हात देऊन तिनं त्याला उठवलं.