पान भरेपर्यंत

"ही साखरच ना?" समोरच्या खुर्चीत बसत त्यानं विचारलं... आणि उत्तराची वाट न बघता बरणीतला चमचा चहात रिकामा केला.

वहीत लिहीत बसलेल्या तिनं भुवया उंचावल्या, हात हलवला. तोही हसून हात हलवता झाला.

तळ्याकाठच्या लॉजची ती जेवणखोली. खिडकीशी धुकं दाटलेलं. तो प्रवासाचा ब्लॉग लिहायचा; मोबाइलवर दोन्ही अंगठे असे चालत, की चहा निवायच्या आत सकाळ जगापुढे पोचलेली असे. पहिल्या घोटाला त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, तरी भिडेखातर तो पीत राहिला. तिनं वहीतलं पान संपवलं, पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाली, "ते मीठ होतं."

"आधी सांगायचं नाही का!"

तिच्याऐवजी शेजारी बसलेल्या तिच्या आत्यानंच सांगितलं. आदला दिवस वहीत उतरवल्याशिवाय नव्या दिवशी तोंड उघडायचं नाही, हा पोरीच्या आईनं लावून दिलेला नेम. आई गेली, नेम राहिला. "घराला आग लागली तरी ही पान संपवूनच ओरडेल," आत्या म्हणाली.

मग तिघं मिळून हिंडू लागली. आत्याचे गुडघे मात्र नेमके चढ आला की दुखायचे, आणि चढावर दोघंच उरायची. संध्याकाळी तो ब्लॉग वाचून दाखवी.

"तळं निळंशार कुठं होतं? चांगलं मातकट होतं," ती म्हणे.

"वाचणाऱ्यांना निळं आवडतं हो."

"मग घरीच बसायचं, रंगाची डबी घेऊन."

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवरचं तळं मातकट झालेलं असे. तिला उगाचच गुदगुल्या होत.

त्याच्या मुक्कामाची शेवटची संध्याकाळ आली. "उद्या धक्क्यावर एक विचारायचंय," तो म्हणाला.

"आत्ताच विचारा की."

"आत्ता... धीर नाही."

बोट भल्या पहाटेची, आणि पहाटे ती मुकी — हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बोटीच्या भोंग्यानंच तिला जाग आली. पान कोरं होतं. "अगं, आजच्या दिवस सोड," आत्या कळवळून म्हणाली, "आई काही रागावायची नाही." ती वही छातीशी धरून धावत सुटली.

धक्क्यावर तो पाठीवर बॅग घेऊन उभा होता. तिचे डोळे भरून आले. आईची क्षमा मनोमन मागून तिनं ओठ उघडले, तोच त्यानं हात वर केला.

"नेम मोडायचा नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही. लिहा तुम्ही, मी आहे."

"येताय की राहताय?" नावाडी खेकसला.

"राहतोय."

बोट धुक्यात विरघळली. ती त्याच्या बॅगेवर बसून लिहू लागली — निवांत, अगदी निगुतीनं. त्यानं मोबाइल काढला, तिच्याकडे बघितलं आणि तो तसाच खिशात ठेवून दिला.

"अक्षर जरा मोठं काढा की," थोड्या वेळानं तो काकुळतीला आला.

तिनं मुद्दाम आणखी बारीक काढलं. अखेर टोपण लागलं.

"हं. विचारा."

"तुमचं पान भरेपर्यंत चहा करायचं काम... मला द्याल? रोजचं? जन्मभराचं?"

तिनं वही मिटली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"दिलं," ती म्हणाली. "पण साखरेची बरणी आदल्या रात्रीच दाखवून ठेवीन."