हुकलेल्या कॉलची फेरी

परवाना विभागातल्या त्या निरीक्षकाला सगळं खातं 'फूटपट्टी' म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटायचं. शहरातली प्रत्येक रुग्णवाहिका वर्षातून एकदा त्याच्या नजरेखालून जायची. पट्टे, चाकं, औषधांच्या तारखा, ऑक्सिजनचा सिलिंडर. एक गोष्ट कमी भरली की गाडी जागेवर उभी आणि मागच्या दारावर त्याच्या सहीचं सील. त्याच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

त्या दुपारी तो असंच एक सील काढायला निघाला. काम साधं होतं. तरी साहेब म्हणाले होते, "तुम्ही नका जाऊ. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"ज्यानं गाडी बंद केली त्यानंच ती सोडायची, असा नियम आहे," हा म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला.

साहेब का अडवत होते तेही सांगतो. सात महिन्यांपूर्वी त्यानं ही गाडी बंद केली, ती सिलिंडरच्या तपासणीची तारीख उलटून तीन दिवस झाले होते म्हणून. सील लावून तो तिथेच बाकावर अहवाल लिहीत बसला असताना त्याच्या घरी त्याच्या बायकोच्या छातीत कळ आली. शेजारच्या काकूंनी फोन केला. जवळची गाडी बंद, म्हणून नदीपलीकडची निघाली. तिला घेऊन इस्पितळात पोचायला चाळीस मिनिटं लागली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वीस मिनिटांत आणलं असतं तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

त्या 'तर'बरोबर तो सात महिने एकटा राहत होता. चहाचं आधण अजून दोघांचं चढायचं आणि उरलेला कप संध्याकाळी मोरीत जायचा. तिच्या उशाशी त्यानं आजारपणात बसवून दिलेलं घंटीचं बटण तसंच होतं. दोन छोट्या, एक लांब, अशी ती वाजवायची. हा बाहेरच्या खोलीतून "आलो गं" म्हणायचा आणि हातातला कागद संपवूनच उठायचा.

आता नियमाची गंमत बघा. बंद गाडी पुन्हा सोडण्याआधी चाचणी फेरी घ्यावी लागे, आणि गाडी बंद असताना जो पहिला कॉल हुकला त्याच पत्त्यावर. तिथून रिकामं स्ट्रेचर पट्टे आवळून इस्पितळात न्यायचं आणि वेळेचा शिक्का घ्यायचा. हे कलम बारा वर्षांपूर्वी यानंच लिहिलं होतं. तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

गाडीच्या आवारात कुणी नव्हतं. म्हातारा होत आलेला ड्रायव्हर तेवढा पायरीवर बसला होता. सील फाडून दार उघडलं तसा आतून कोंडलेल्या रबराचा आणि फिनेलचा वास आला. त्याच्या मागोमाग बामचा. ती कपाळाला लावायची तो.

"पत्ता, साहेब?" ड्रायव्हरनं खाली बघत विचारलं. त्याला तो माहीत होता.

"आहे तोच."

चार दहाला गाडी निघाली. निरीक्षक मागे बसला, घड्याळ हातात धरून. आयुष्यभर रस्त्यातल्या कोंडीवर चिडणारा हा माणूस आज मनातल्या मनात कोंडीची वाट बघत होता. वीसच्या वर एक मिनिट जरी गेलं तरी पुरे होतं. मग तो सुटला असता. पण प्रत्येक सिग्नल हिरवा मिळाला, आणि चार सोळाला गाडी त्याच्याच दाराशी उभी राहिली.

कुलूप त्यानं स्वतः काढलं. दोघांनी स्ट्रेचर पलंगाशी नेलं, पट्टे आवळले आणि परत उचललं. उंबऱ्याशी ड्रायव्हर धापा टाकत थांबला.

"साहेब... रिकामं इतकं जड नसतं."

"सात महिने कुणी उचललं नाही. सवय गेली तुमची."

पायरी उतरताना ड्रायव्हरनं डोक्याकडची बाजू, माणूस झोपलेलं असताना धरतात तशी, हलकेच वर धरली.

परतीच्या वाटेवर घंटी वाजली. रुग्णाच्या उशाशी असते ती, ड्रायव्हरला बोलावण्याची. दोन छोट्या, एक लांब.

मधली काच सरकली. "काय हवंय, साहेब?"

"मी नाही वाजवली."

"मग...?"

"वायर सैल असेल. तुम्ही पुढे बघा."

काच बंद झाली. बामचा वास आता अगदी जवळून येत होता. निरीक्षकाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त काहीतरी वाटलं, ज्याला त्याच्या अहवालात रकाना नव्हता. मान वळवायचा धीर त्याला झाला नाही. त्यानं नजर घड्याळावर रोखली आणि इस्पितळ येईपर्यंत, दारातून आत जाईपर्यंत, उचलली नाही.

दाराजवळच्या टेबलावर कागदावर शिक्का पडला. चार सत्तावीस. सतरा मिनिटं.

तो भिंतीजवळच्या बाकावर बसला. म्हणजे ती वाचली असती. कुणी विचारलं नव्हतं तरी तो हे दोनदा हळू आवाजात म्हणाला. मग सवयीनं पेन काढून अहवाल भरायला लागला, आणि शिक्क्याच्या खालची ओळ त्याला दिसली. ताज्या शाईत लिहिलं होतं : रुग्ण स्त्री, शुद्धीवर.

तो टेबलाशी गेला. तिथली सिस्टर नवी होती, त्याला ओळखत नव्हती.

"सिस्टर, ही चाचणी होती. स्ट्रेचर रिकामं होतं."

घाबरलेल्या नातेवाइकांकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. "बसा काका. पाणी देऊ का? त्यांना आत घेतलंय. शुद्धीवर आहेत त्या, दारापासून इथपर्यंत तुमच्याशीच बोलत होत्या."

"काय... काय म्हणत होत्या?"

"ते मी कसं सांगू? तुमच्याशी बोलत होत्या ना." ती जरा अडखळली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही घड्याळात बघत होतात."

आतल्या बाजूला कुठेतरी घंटी वाजली. दोन छोट्या, एक लांब.

"आलो गं," तो म्हणाला.

अहवालाचे तीन रकाने भरायचे राहिले होते. कागद तिथेच टेबलावर टाकून तो आत गेला. ड्रायव्हर बाहेर अंधार पडेपर्यंत थांबला, पण कुणी परत आलं नाही. फूटपट्टीच्या हातचा तेवढा एकच अहवाल खात्यात अपुरा आहे.