यादीत न दिसणारं अ‍ॅप

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जास्त चांगली रचली असती, आणि तिच्यात स्वतःला जरा बऱ्या जागी बसवलं असतं.

माझं नाव धम्मदीप. नागपुरात मिहानकडच्या एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. कोणाचा लॅपटॉप गरम होतो, कोणाचा प्रिंटर रुसतो, ती माझी रोजीरोटी. घर प्रताप नगरात. घटना मागच्या मे महिन्यातली.

आणि रात्रीची नाही. भरदुपारची.

तुम्ही इकडचे नसाल तर सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि घराघरात कूलरची घरघर. अशा वेळी कोणी कितीही हाका मारल्या तरी भिंतीपलीकडे ऐकू जात नाहीत.

हे मला आता फार चांगलं माहीत आहे.

अजून एक. आमच्या घरात भूतबीत कोणी मानत नाही. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून श्राद्ध नाही, पिंड नाही. कोणी गेलं की वंदना, पुण्यानुमोदन आणि मग ज्याचं त्याचं दुःख. शेजारच्या यमुताईंकडे निदान कावळा सांगतो, गेलेल्या माणसाचं काही राहिलंय का ते. आम्ही ती सोय ठेवलेली नाही.

मला ते बॅटरीनं सांगितलं.

आधी आईबद्दल सांगतो. पुष्पलता तिचं नाव. उमरेडच्या शाळेत शिकवायची, रोज एसटीनं जाऊन-येऊन. आम्ही दोघं लहान असताना काही फोडलं, चोरून खाल्लं, तर ती ओरडायची नाही. सुपात तांदूळ घ्यायची आणि आमच्यासमोर येऊन बसायची. निवडत राहायची.

"ज्यानं केलं त्यानं सांगा. मी बसली आहो."

एवढंच. मग ती उठायची नाही. भाजी करपू दे, पाहुणे दारात उभे राहू दे. माझी धाकटी बहीण प्रीती, तिनं केलेलं असलं की लगेच रडून सांगायची. मी टिकायचो. पण ते सुपातल्या तांदळाचं सळसळणं ऐकत कोणी किती टिकणार? सांगितलं की आई सूप घेऊन उठायची, ते खिळ्याला अडकवायची आणि विषय तिथेच संपायचा. पुन्हा कधी काढायची नाही.

पुढे प्रीती नोकरीला पुण्याला गेली. घरूनच काम करते. बाबा गेल्यावर तिनं आणि आईनं एक सवय लावून घेतली. दुपारी व्हिडिओ कॉल लावायचा आणि तसाच सोडून द्यायचा. बोलणं फारसं नसायचंच. ही तिथे कीबोर्ड बडवायची, आई इथे वेताच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडायची. मध्येच आई विचारायची, "जेवली का वं?" आणि पुन्हा दोघी गप्प.

त्यासाठी माझा जुना लॅपटॉप मी आईला दिला होता. तिचं वेगळं अकाउंट काढून दिलं होतं.

अडचण एकच. त्या खोलीत सॉकेट एक. कूलर लावायचा की चार्जर? मे महिन्यात याचं उत्तर कोणीही देईल. लॅपटॉप दुपारभर बॅटरीवर चालायचा आणि चार वाजायच्या आत मान टाकायचा.

"बॅटरी पुरत नाही गा, बेटा," आई म्हणाली. "अर्ध्यातच बंद पडते. काही करता येते का पाह्य ना."

मी ऑफिसला निघालो होतो. घाईत होतो. कोणतं अ‍ॅप किती बॅटरी खातं याची लॅपटॉपमध्ये एक यादी असते, ती उघडली. सगळ्यात वर तेच, कॉलचं अ‍ॅप. त्याच्या सेटिंगमध्ये गेलो. मागे चालू राहू द्यायचं का? 'कधीच नाही' निवडलं. बॅटरी सेव्हरही लावला.

बॅटरी पुरायला लागली. आई खूश होती, यमुताईंना सांगत होती की माझ्या पोरानं दोन मिनिटांत दुरुस्त केलं.

मी तिला हे सांगितलं नाही, की आता बराच वेळ हात लागला नाही आणि स्क्रीन झोपली की कॉलही कटेल. गुपचूप कटेल, आवाज न करता. मी विचारच केला नव्हता. आई समोर असली की मध्येमध्ये हात लागायचा, म्हणून तोवर कॉल टिकला.

त्याच आठवड्यात आई दुपारी पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरात पडली. लॅपटॉपची स्क्रीन झोपली. कॉल कटला.

पुण्यात प्रीतीला वाटलं, लाइट गेली असेल. उन्हाळ्यात आमच्याकडे जातेच.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आई फरशीवर होती. शुद्धीवर होती. ओठ हलत होते. मी तिला धंतोलीच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणलं असतं तर वेगळं झालं असतं.

आई वाचली नाही.

प्रीती आली ती थेट दवाखान्याच्या जिन्यातच बसली. "कॉल कटला तेव्हा मी फोन करायले पाहिजे होता दादा. लाइट गेली असेल म्हणून बसून राहिली मी. मीच मारलं तिले."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "तुझी काही चूक नाही."

पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते मी गिळलं.

पुण्यानुमोदन झालं. प्रीती पुण्याला परत गेली. मी काही दिवस घरून काम करायची परवानगी घेतली. एक दिवस ती फोनवर म्हणाली, आईचे फोटो पाठव. म्हणून मी तो लॅपटॉप काढला. सकाळी पूर्ण चार्ज केला, दुपारी चार्जर काढून कूलर लावला आणि लॅपटॉप आईच्या टेबलावर तसाच बंद ठेवून दिला.

चहाच्या वेळी उघडला, तर बॅटरी संपत आलेली.

झाकण बंद होतं. कोणी हात लावला नव्हता.

जुनी बॅटरी आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी नाही, रात्री नाही. फक्त दुपारी.

मग मी माझं काम केलं. माझ्या अकाउंटवरून ती यादी उघडली. फोटोंच्या अ‍ॅपनं थोडी खाल्लेली, ब्राउझरनं चिमूटभर. बाकी बॅटरी गेली कुठे? खाल्ली तर होती. पण यादीत खाणारा कोणीच नव्हता.

यादीत दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं, हे आम्ही ऑफिसात नवीन पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. एकेक अ‍ॅप तपासलं, व्हायरस शोधला. काही नाही. मग एकदम लक्षात आलं आणि स्वतःवर हसू आलं. आईचं अकाउंट! ते मागे चालूच असणार. दुसऱ्याच्या अकाउंटवर चालणारं अ‍ॅप आपल्या यादीत कधीकधी दिसत नाही. आणि आई कधी साइन आउट करायचीच नाही. झाकण लावलं की झालं बंद, असा तिचा समज.

आईचं अकाउंट उघडलं. समोर मी आणि प्रीती, फुटाळा तलावावर कणीस खाताना. तिनं तो फोटो लावलेला मला माहीतही नव्हता.

तिथली यादी उघडली.

कॉलचं अ‍ॅप तिथेही नव्हतं...

सेटिंग पाहिली. मी जशी ठेवली होती तशीच. मागे चालू राहू द्यायचं का? कधीच नाही.

ते दोन शब्द मी बराच वेळ पाहत बसलो. मग मी ते अ‍ॅपच काढून टाकलं. मुळासकट. तपासाचा भाग म्हणून, असं मनाला सांगितलं. खरं सांगतो, ती सेटिंग कधी कोणाला दिसू नये म्हणून काढलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आईचं अकाउंट साइन आउट केलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण मुद्दाम उघडं ठेवलं. लॅपटॉप टेबलावर, समोर आईची रिकामी खुर्ची. मी दाराजवळ माझ्या कामाला बसलो. कूलर घरघरत होता.

सहज मान वर केली...

कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा लागलेला होता.

स्क्रीन काळी. दिवा चालू.

मी उठलो आणि कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली.

लॅपटॉपमधून आवाज येत होता. बारीक. टक टक टक... कोणीतरी कीबोर्ड बडवत होतं. मग कुकरची शिट्टी. मग खोकला.

तो खोकला मी ओळखतो. प्रीतीचा.

जे अ‍ॅप लॅपटॉपमध्ये नव्हतंच, त्यातून माझ्या बहिणीचं पुण्यातलं घर ऐकू येत होतं.

मी मोबाइलवरून तिला फोन लावला. लॅपटॉपमध्ये तिच्या फोनची रिंग वाजलेली ऐकली.

"प्रीती, काय करून राहिली?"

"काम," ती म्हणाली. थोडं थांबून, "कॉलवर आहो."

"कोणाच्या?"

ती हळूच म्हणाली, "तूच लावून देतो ना रोज? मले वाटलं, मुद्दाम लावतो माझ्यासाठी. आईच्या अकाउंटवरून. म्हणून विचारलं नाही. विचारलं आणि तू बंद केला असता तर?"

"कधीपासून?"

"मी पुण्याले परत आली तेव्हापासून."

माझे पाय थंड पडले. नागपुरात, मे महिन्यात, कूलर बंद असताना.

"तुले काय दिसून राहिलं?"

"आपली खोली. पडदा. आईची खुर्ची." मग ती म्हणाली, "त्या दिवशी कॉल कटला अन् मी बसून राहिली. आता मी उठतच नाही दादा. दुपारच्या मीटिंगा सोडल्या. जेवायलेही उठत नाही. पुन्हा कटला तर मले लगेच समजलं पाहिजे ना."

कुकरची शिट्टी तिकडे वाजतच होती. कोणी गॅस बंद करायला उठत नव्हतं.

मला शरम वाटली. भीतीपेक्षा जास्त. माझी चूक माझी बहीण उपाशी राहून फेडत होती. आता सांगायचं, असं ठरवून मी लॅपटॉपसमोर जाऊन उभा राहिलो. निदान तिच्याकडे तोंड करून सांगावं.

"प्रीती, त्या दिवशीचा कॉल..."

"दादा," ती म्हणाली, "जरा सरक ना. आईच्या समोर उभा आहेस."

मी सरकलो.

का सरकलो, माहीत नाही. पाय आपोआप सरकले.

"आता दिसते?" मी विचारलं.

"हो."

"काय... काय करून राहिली?"

"तांदूळ निवडून राहिली. रोज तेच करते."

मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मी शपथेवर सांगतो, रिकामी होती. पण कूलर बंद होता आणि खोलीत आवाज होता. सुपातल्या तांदळाचा. सळसळ... थांबून पुन्हा सळसळ.

मी मागे वळून स्वयंपाकघरात पाहिलं. खिळ्यावर सूप नव्हतं.

"बोलते का काही?"

"नाही," प्रीती म्हणाली. "मी रोज बोलते, पण माझ्याकडे पाहतसुद्धा नाही. दाराकडेच पाहते. मले वाटे, माझ्यावर रागावली." "पण दादा, आता तू सरकला तशी तिनं मान वळवली. ती तुझ्याकडे पाहून राहिली."

मी काहीतरी बोललो. नेट खराब असेल, असं काहीतरी. आणि फोन ठेवला.

हो, ठेवला. भ्यालो. आईला नाही भ्यालो. प्रीतीला भ्यालो. उद्या तिनं मला दादा म्हणायचं सोडलं तर माझं म्हणायला दुसरं कोण उरलंय?

तेव्हापासून मी पुन्हा ऑफिसला जातो. दुपारी घरी थांबत नाही. लॅपटॉप त्याच टेबलावर आहे. फेकायची हिंमत नाही. रोज संध्याकाळी बॅटरी संपलेली असते. रोज ती यादी उघडतो. कॉलचं अ‍ॅप तिच्यात नसतंच. सूपही सगळं घर शोधून सापडलं नाही.

प्रीती अजून दुपारी जेवत नाही. रविवारी बोललो तेव्हा आवाज इतका बारीक झाला होता, की मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, "आई थकली नसेल का रे दादा, इतकं बसून?"

हे इथे लिहिलं, कारण ती असल्या गोष्टी वाचत नाही. तुम्हाला सगळं सांगता आलं. म्हणजे सांगणं मला जमतं. फक्त जिला सांगायचं तिला जमत नाही.

आज सुट्टी आहे. घरीच आहे. दुपार होत आली आहे, आणि कूलर मी अजून लावलेला नाही.

सळसळ ऐकू येते आहे.

आई अजून उठलेली नाही.