आठ नंबरवरून आलेला आवाज

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मनधरणी करायला इथे कुणी बसलेलं नाही.

मला ती सांगणारा खुद्द बोटीचा कप्तान आहे. आणि कुणाला घाबरवायला तो खोटं बोलेल, इतकी त्याने आजवर कुणाची किंमत ठेवलेली नाही.

दिवस रविवार. वेळ सकाळी नऊ ते दुपारी एक. भर दिवसा, किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, सात गिऱ्हाईकं आणि दोन घरची माणसं असलेल्या बोटीवर हे घडलं.

घरची माणसं दोनच होती. हे ध्यानात ठेवा.

बंदरावर कप्तानाला पाठीमागे ‘हुं’ म्हणायचे. कुणी काही सांगितलं की हा नाकातून ‘हुं’ करणार, की विषय संपला. हौशी लोकांना बोटीवर घेऊन गळ टाकायला न्यायचं हा त्याचा धंदा, आणि त्याच लोकांचा त्याला मनापासून तिटकारा.

त्या दिवशी एका ऑफिसातले सात जण होते. त्यांची पैज लागलेली. मोठा मासा पकडण्याची नाही. जो सर्वांत जास्त प्रकारचे मासे काढेल तो जिंकला. प्रत्येकाच्या हातात चित्रांचं पुस्तक.

“पुस्तक पाण्यात धरा,” कप्तान म्हणाला. “मासा आपला फोटो ओळखून वर येईल.”

कठड्याच्या सात नंबरच्या जागेवर एक टोपीवाला होता. रुंद काठाची टोपी, हनुवटीखाली दोरी बांधलेली. दहा वाजले तरी त्याला काही लागलं नव्हतं. शेजारच्यांना बांगडा, तांबोसा, वाम, एकाला तर पाकटसुद्धा.

“साहेब, टोपी टाका पाण्यात. तिच्यात तरी एखादा शिरेल.”

सगळे हसले. टोपीवाला हसला नाही.

आता कामाची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे.

इंजिन बंद करून बोट वाहू द्यायची आणि गळ सोडायचे. जागा बदलायची झाली की कप्तान केबिनमधून भोंगा वाजवणार. मग पुढून मागे एकेकाने दोरी पाण्याबाहेर काढून ओरडायचं. एक वर. दोन वर. असं सातपर्यंत. शेवटी मागच्या टोकाला, बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या वर, आपला माणूस उभा असतो. तो म्हणणार, आठ वर. ते ऐकल्याशिवाय इंजिनाच्या किल्लीला हात लावायचा नाही. केबिनमधून मागचं काही दिसत नाही; मध्ये ताडपत्री आणि बर्फाची पेटी. कानावरच सगळा कारभार.

आठ नंबरला एकोणीस वर्षं दाजी होते. कप्तानाच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

दाजी सावकाश माणूस. सात वर झालं की ते कठड्यावरून वाकायचे, खाली पंख्याकडे बघायचे, डावीकडून, उजवीकडून, आणि मग म्हणायचे, आठ वर. बघितल्याशिवाय त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

“दाजी, तेवढ्यात मासे म्हातारे होऊन मरतील,” कप्तान ओरडायचा.

त्याला दाजी कधीच आवडले नाहीत. बाईलवेडा म्हणायचा. ताई चार दिवस माहेरी आली की पाचव्या दिवशी हे दारात उभे. चला, म्हणायचे. चहालाही बसायचे नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी दाजी गेले. घरी, खाटेवर, झोपेत.

“समुद्रात बुडाले असते तर निदान भूत तरी झाले असते,” कप्तान बंदरावर म्हणाला होता. “तेवढंही जमलं नाही.”

त्यांच्या जागी ताई आली. घरात बसून भिंती किती बघायच्या, म्हणाली. भावाने ‘हुं’ केलं आणि घेतलं तिला.

तर त्या रविवारी साडेदहाच्या सुमारास धुकं उतरलं.

कप्तानाने भोंगा दिला. एक वर, दोन वर… सात वर. लगेच ताईचा आवाज, “आठ वर.”

त्याने किल्लीला हात घातला.

आणि मग…

“आठ वर.”

पुन्हा. हळू. खालच्या पट्टीत.

धुक्यात आवाज फिरून येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कप्तानाने इंजिन चालू केलं.

पुढच्या जागी मासा लागेना. सात जणांचे गळ खाली, आणि आमिष जसंच्या तसं वर येतंय. कुणी साधं टोचूनही बघितलेलं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं…

पक्षी नव्हते. सकाळपासून बोटीमागे कलकलाट करणारे पक्षी गेले कधी, कुणालाच कळलं नाही. पाणीसुद्धा बोटीला लागून वाजत नव्हतं.

अकरा वाजता पुन्हा भोंगा. सात वर. ताईचं आठ वर. मग तेवढीच उसंत, आणि…

“आठ वर.”

कप्तान केबिनमधूनच ओरडला, “ताई, एकदा म्हटलेलं पुरतं. बहिरा नाही मी.”

“एकदाच म्हटलं रे.”

“हुं.”

बारा वाजता टोपीवाल्याच्या गळाला काहीतरी जड लागलं. पहिलंच. बिचारा हरखला. ओढतोय, ओढतोय… आणि दोरी बोटीखाली गेली. पंख्यात अडकली.

अशा वेळी केबिनला कळवायचं असतं. मागे पाण्याला टेकून एक फळी आहे, तिच्यावर उतरून, पालथं पडून, पंख्यात हात घालून दोरी कापावी लागते. माणूस खाली असताना इंजिन सुरू झालं तर हात राहत नाही. माणूसही राहत नाही.

पण टोपीवाला ताईच्या कानाशी लागला. “मावशी, त्यांना नका ना सांगू. आधीच टोपीवरून सोलून काढलंय मला.”

ताईला भावाची जीभ माहीत होती. तिलाही ती ऐकायची नव्हती. दोरी अडकल्याचं भावाला सांगावं, मग त्याने दोघांना सोलावं, त्यापेक्षा दोन मिनिटांचं काम. तिने सुरी दातांत धरली आणि फळीवर उतरली.

कप्तानाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की बोट वाहत वाहत खडकांकडे चालली आहे. धुक्यातून लाटा फुटल्याचा आवाज यायला लागला होता.

त्याने भोंगा दिला.

एक वर. दोन वर. तीन, चार, पाच, सहा.

“सात वर,” टोपीवाला म्हणाला. लाजेपायी खोटं बोलला. ताई वर आल्याशिवाय आठ म्हणणारच नाही, तोवर इंजिन सुरू होणार नाही, असा त्याचा हिशेब.

मग शांतता.

कप्तान किल्ली धरून उभा. लाटांचा आवाज जवळ येतोय.

बराच वेळ काही नाही…

आणि मग, स्वच्छ…

“आठ वर.”

आता कुणीही किल्ली फिरवली असती. रीतच ती. पण कप्तानाचं डोकं फिरलं होतं. खडक समोर, आणि ही बाई नवऱ्यासारखी डुलक्या घेत उत्तर देते. तिच्या तोंडावर चार शब्द फेकल्याशिवाय त्याला पुढचा श्वास घेववेना. किल्ली तशीच सोडून तो तरातरा मागे निघाला.

“का गं, दाजी अंगात आले का तुझ्या?”

आठ नंबरवर कुणीच नव्हतं.

तो कठड्यावरून वाकला. खाली फळीवर ताई पालथी पडलेली. खांद्यापर्यंत हात पंख्यात. दातांत सुरी.

दातांत सुरी धरून कुणाला ‘आठ वर’ म्हणता येत नाही.

तेव्हा कुठे त्याला कळलं की आवाज बाईचा नव्हता. एकोणीस वर्षं तोच आवाज ऐकत आला होता, म्हणून केबिनमध्ये कानाला खटकला नाही.

तिने दोरी कापली तसा त्याने तिला काखेत धरून वर ओढलं. वाळक्या अंगाची बाई. पण दोन्ही पाय कठड्याला रेटून ओढावं लागलं. मग एकदम काहीतरी सुटलं आणि दोघंही बर्फाच्या पेटीवर आपटली.

बोट खडकांपासून जेमतेम निसटली.

बंदराला लागल्यावर त्याने टोपीवाल्याला बाजूला घेतलं.

“आठ वर कोण म्हणालं?”

“तुमचा तो दुसरा माणूस. माझ्या मागेच तर उभा होता.”

“बघितलात?”

“नाही, मी खाली बघत होतो. पण तोही वाकून खालीच बघत होता की. त्याच्या अंगावरचं पाणी माझ्या टोपीवर ठिबकत होतं. मग म्हणाला, आठ वर. का? नवीन आहे का तो?”

कप्तान तसाच घराकडे वळला. ‘हुं’सुद्धा केलं नाही.

घरी ताई अगदी मजेत. रडली नाही, घाबरली नाही. टोपीवाल्याने तिलाही सांगितलं होतं. तिचं म्हणणं एकच, त्यांनी वाचवलं मला. आवाज दिला, म्हणून तू मागे आलास.

कप्तानाला चार माणसांत चौघांचं तोंड बंद करता येतं. पण बहिणीला काय सांगणार? की दाजींनी आधी खाली बघितलं. तू दिसलीस. तू दिसल्यावर म्हणाले, आठ वर. म्हणजे फिरव किल्ली.

“ताई, तू यापुढे येऊ नकोस बोटीवर.”

“का रे?”



ताई सुरीला धार लावत होती. बोटाने धार बघत ती सहज म्हणाली, “खाली होते ना, तेव्हा माझा घोटा धरला होता कुणीतरी. मी पडू नये म्हणून. तो हात मी ओळखते रे. तू वर ओढत होतास तरी सोडत नव्हते.”

आणि हसली.

पुढच्या रविवारी कप्तान बंदरावर पोहोचायच्या आत ती बोटीवर जाऊन उभी होती. आठ नंबरवर. जराशी एका बाजूला सरकून, शेजारी एका माणसाला जागा होईल एवढी.