फोटो नसलेली बाजू

आमच्या क्लबात नियम एकच, आणि तो चहाच्या किटलीमागे भिंतीवर चिकटवलेला आहे: फोटो नाही, तर डाग नाही. डिझेल इंजिनाचं मॉडेल दुकानातून येतं तेव्हा नव्या बुटासारखं चकचकीत असतं. ते आयुष्यभर रुळांवर राबल्यासारखं दिसावं म्हणून आम्ही त्याला मळवतो. पण मनाला येईल तसं नाही. आधी खऱ्या इंजिनाचा फोटो समोर ठेवायचा. छतावर काजळी कुठवर पसरली, टाकीवर डिझेलचा ओघळ कुठून उतरला, चाकांवरचा गंज किती उंच उडाला, हे बघायचं आणि मगच ब्रश उचलायचा. मनानं केलेली घाण मला लांबूनही ओळखू येते. गूल बंदराच्या गोदीत मी जन्मभर माल तपासला. खोटं पॅकिंग आणि खोटा गंज, दोन्हींचा मला सारखाच तिटकारा आहे.

डोळे कुरकुर करायला लागले तेव्हा मी लहान माप सोडून मोठ्या मापाकडे वळलो. लहान मापाचं इंजिन तळहातावर मावतं. मोठ्या मापाचं दोन्ही हातांनी उचलावं लागतं आणि ते विटेसारखं जड असतं.

"आता काय हेडली, घराचं छप्पर काढून रूळ टाकणार का?" क्लबातल्या आर्नल्डनं टोमणा मारला.

मी लक्ष दिलं नाही. मला एकच फरक जाणवत होता. लहान मापात केबिनमधला ड्रायव्हर म्हणजे रंगाचा ठिपका. मोठ्या मापात त्याला चेहरा लागतो.

चेहरा कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. माझा थोरला भाऊ विल्फ आयुष्यभर डिझेल चालवत आला. निवृत्तीनंतर दर रविवारी तो हॅदरबीच्या जुन्या लाइनवर फुकट राबायचा. सहलीला आलेल्या लोकांना एक जुनं हिरवं डिझेल टेकड्यांपर्यंत नेऊन आणायचं. त्या इंजिनाला तो बाईसाहेब म्हणायचा. माझं मोठ्या मापातलं पहिलं इंजिन बाईसाहेबच असणार होतं.

"केस जरा दाट दाखव," माझ्या टेबलावरची राळेची बाहुली बघून विल्फ म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर आहेत तेवढेच दाखवणार."

"मग टोपी घाल लेका. आणि डावा पाय पॅडलवर ठेव हां. पाय उचलला की ब्रेक लागतात, गाडी जागच्या जागी उभी. एवढं तरी खरं कर."

मी तसंच केलं. बाहुलीला विल्फचं नाक दिलं, त्याच्या लाल गालांचा रंग दिला. बसवताना डावा पाय पॅडलवर आणि उजवा शेजारी नीट टेकवून दोन्ही झटपट चिकटणाऱ्या गोंदानं पक्के केले, सीटही पक्की केली, आणि वरून इंजिनाची बॉडी स्क्रूनं बंद केली.

विल्फनं फोटो आणले, पण एकाच बाजूचे. हॅदरबीचे सगळे फलाट एकाच हाताला आहेत, आणि शेडमध्ये दुसरी बाजू, म्हणजे ड्रायव्हर बसतो ती, भिंतीला लागून असते. तिथे मागे सरकून फोटो घ्यायला जागाच नाही.

"पुढच्या रविवारी उतरून घेतो," तो म्हणाला, आणि विसरला. डिसेंबरचं प्रदर्शन जवळ आलं होतं. मला धीर धरवेना. ती बाजू मी मनानं मळवली.

खूप काही केलं नाही. ड्रायव्हरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक गंजाचा ओघळ खाली सोडला. तो मला फार सरळ वाटला, म्हणून मध्येच दाराकडे वळवला. छान दिसला. मी स्वतःवरच खूश झालो, हे कबूल करायला हवं.

पुढच्या आठवड्यात विल्फ चहाला आला. त्याच्या बायकोनं, नॅन्सीनं, बरोबर आल्याचा केक धाडला होता. एका हातात केकचा तुकडा धरून त्यानं मॉडेल फिरवलं आणि त्याचं चावणं थांबलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हा ओघळ. परवा बाईसाहेबांना शेडबाहेर काढलं तेव्हा दिसला. आधी नव्हता. ती बाजू मी स्वतः धुतो, मला माहीत नसणार का?"

"खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं. गंज तिथेच येणार."

"आणि वळतो तोही तिथेच?"

मी म्हटलं, योगायोग. तोही हसला. पण उरलेला केक त्यानं बशीत तसाच ठेवला, आणि विल्फनं केक सोडल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तो गेल्यावर मी मॉडेलवर व्हार्निशचा शेवटचा हात मारला. या हातानंतर काम बंद होतं. खालचा रंग खाली राहतो, वरची धूळ वर बसते आणि पुसली जाते. हे सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते व्हार्निशच्या खाली झालं.

खिडकीच्या वर काजळी दिसली. पातळ, राखाडी, जिभेच्या आकाराची. आधी वाटलं, रंगाच्या भुकटीची बाटली कलंडली असेल. ओल्या कापसाची काडी फिरवली. काडी पांढरीच राहिली. नखानं खरवडून बघितलं तर नख व्हार्निशवरून घसरलं. काजळी आत होती, माझ्याच व्हार्निशखाली, जिथे मी ती घातली नव्हती.

ती वाढत गेली. सकाळी बघावं तर आदल्या दिवसापेक्षा गडद. मी भिंग घेऊन बसायचो. एक गोष्ट मला पहिल्याच नजरेत खटकली होती, पण ती मनात पूर्ण उमटायला वेळ लागला. इंजिनाचा धूर छतावरच्या धुराड्यातून निघतो, मागे वाहतो आणि वरून खाली बसतो. ही काजळी खिडकीतून बाहेर पडून वर गेली होती. खोलीला आतून आग लागली की खिडकीवर असा डाग उमटतो. मग चौकटीवरचा हिरवा रंग फुगला. बारीक फोड आले. ते मी केले नव्हते.

मला भीती वाटली. दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

मी हॅदरबीला गेलो. बाईसाहेब शेडमध्ये भिंतीला लागून उभ्या होत्या. मी त्या अरुंद फटीत अंग चोरून शिरलो. गंजाचा ओघळ होता, वळणासकट, माझ्या ब्रशनं ओढल्यासारखा. खिडकीच्या वर काहीच नव्हतं. हिरवा रंग स्वच्छ आणि गार.

शेडचा मेकॅनिक शॉ म्हणून होता. त्याला मी एवढंच म्हटलं की केबिनमधलं वायरिंग बघ. त्यानं भल्या माणसासारखं सगळं उघडून बघितलं.

"काही नाही, मिस्टर थॉर्प. माझ्या घरापेक्षा बरं आहे."

विल्फला हे कळलं आणि तो माझ्यावर उखडला.

"शेडमधल्या पोरांसमोर माझी लाज काढतोस? काय सांगितलंस त्यांना, तुझ्या खेळण्याला सर्दी झालीय म्हणून?"

"विल्फ, या रविवारी चालवू नकोस. एवढंच मागतो."

"या रविवारी?" त्याचा आवाज उतरला. "अरे, हाच माझा शेवटचा रविवार. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, यापुढे चालवणं बंद. नॅन्सी येतेय, नातवंडं येताहेत. तू पण ये. फलाटावर उभा राहून हात हलव, आणि हे डोक्यातून काढून टाक."

त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. लहानपणी मी गोदीच्या कठड्यावरून खाली बघायला घाबरायचो तेव्हा मारायचा तशीच. मला रडू येईलसं झालं. तो ऐकणार नव्हता, आणि मी त्याला बांधून तर ठेवू शकत नव्हतो.

शनिवारी दुपारी मी भिंग केबिनच्या खिडकीला लावलं. काचेआड विल्फ बसला होता. त्याच्या गालांचा लाल रंग दिसत नव्हता. चेहरा काळा झाला होता.

केबिन बंद होती. तिथे माझं बोट काय, मुंगीही शिरली नसती.

मी इंजिन उलटं करून स्क्रू काढले. बॉडी उचलली तेव्हा वास आला. रंगाचा नव्हे, थिनरचा नव्हे. जळलेल्या रबराचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. मी खिडकी उघडली.

माझ्या डोक्यात एकच विचार होता. ड्रायव्हर केबिनमध्ये नसेल, तर काय व्हायचं ते रिकाम्या केबिनचं होईल.

सीट आणि बाहुली यांच्यामध्ये मी पातं सरकवलं. सीट सुटली. मी चिमट्यानं त्याला कमरेत धरलं आणि वर ओढलं. पाय सुटले नाहीत. मी जरा जोर लावला.

राळ ठिसूळ असते. कट्कन आवाज झाला.

घोट्यापासून वरचा विल्फ माझ्या चिमट्यात होता. दोन्ही पावलं खालीच राहिली, डावं पॅडलवर, उजवं शेजारी.

मी त्याला साबणाच्या पाण्यात धुतलं. काजळी निघाली. गाल पुन्हा लाल झाले. मी त्याला स्वच्छ फडक्यावर आडवं ठेवलं, आणि कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

तेवढ्यात फोन वाजला.

"हेडली, लवकर ये रे," नॅन्सी रडत होती. "विल्फ स्वयंपाकघरात पडला. किटली भरत होता, उभ्या उभ्या कोसळला. म्हणतो पाय गेले. पाय आहेत रे, मी धरून बसलेय, पण तो म्हणतो नाहीत."

हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. हाड मोडलेलं नव्हतं. रक्त नीट वाहत होतं. डॉक्टर सुई टोचत वरून खाली आला. घोट्यापर्यंत विल्फ ओरडला, त्याखाली गप्प.

रविवारी बाईसाहेब चालल्या नाहीत. त्या इंजिनाला दुसरा ड्रायव्हरच नव्हता. लोकांना तिकिटाचे पैसे परत देऊन चहा पाजला. इंजिन सुरूही केलं नव्हतं. भर दुपारी शेडच्या दारातून धूर आला.

केबिन आतून जळाली होती. कुणाला काही झालं नाही, कारण आत कुणी नव्हतं. हे मला शॉनं दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

अग्निशमनवाल्यांनी इंजिन भिंतीपासून ओढून बाहेर काढलं होतं. ड्रायव्हरची बाजू मला उजेडात पहिल्यांदाच दिसली. खिडकीच्या वर काजळीची जीभ. चौकटीवर फोड. मी त्यांच्याकडे फार वेळ बघितलं नाही, ते मला पाठ होते.

"एक दाखवायचं होतं," शॉ म्हणाला. "तुम्हाला घाणीतलं कळतं म्हणून."

आम्ही वर चढलो. आत सगळं काळं होतं. सीटचा नुसता सांगाडा उरला होता. शॉनं टॉर्च खाली धरला.

पॅडल पूर्ण दाबलेलं होतं.

"स्प्रिंग शाबूत आहे," तो म्हणाला. "हातानं बघितलं, वर येतच नाही."

पॅडलवर काजळी नव्हती. एका तळव्याएवढी जागा स्वच्छ होती, बुटाच्या आकाराची. शेजारी जमिनीवर तशीच दुसरी, किंचित बाहेर वळलेली. विल्फ उजवा पाय तसाच ठेवतो.

जिथे आग लागताना काहीतरी असतं, तिथे काजळी बसत नाही. हे मला शॉला सांगायचं होतं. ते न सांगताच मी खाली उतरलो.

संध्याकाळच्या आत मी हॉस्पिटलात पोचलो. वॉर्डाच्या दारातच बेसिन आहे. तिथे मी कोपरापर्यंत हात धुतले आणि कोरडे केले. नॅन्सी खाली कॉफी आणायला गेली होती.

विल्फच्या कपाळावर घाम होता.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "माझे बूट काढ रे."

"तुझ्या पायात बूट नाहीत, विल्फ."

"सगळे तेच म्हणतात. काढ म्हणतो ना. तापलेत."

"कधीपासून?"

"आज दुपारपासून. पाय उचलायला बघतो, उचलतच नाहीत. हेड, भाजतंय रे मला."

मी पांघरूण बाजूला केलं. पावलं उघडी होती, पांढरीफटक. मी हात लावला. गार होती.

तो माझ्याकडे बघत होता. थोरल्या भावानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मी पलंगाच्या पायथ्याशी वाकलो. घोट्यापाशी, जिथे बुटाच्या नाडीची गाठ असती तिथे, ती सोडल्यासारखी बोटं हलवली. टाच धरून हळूच ओढल्यासारखं केलं. मग दुसरा पाय. विल्फनं डोळे मिटले.

"सुटले?" त्यानं विचारलं.

मी माझ्या हातांकडे बघितलं. दहाही बोटं काळी झाली होती.