सात नंबरची लाइन

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि बुलढाण्यातला एक दुमजली दवाखाना डोळ्यांसमोर आणा. खाली कार्यालय. कार्यालयाच्या भिंतीवर फोनचा एक पिवळट पडलेला डबा. त्यातून सोळा तारा निघून सोळा खोल्यांत गेल्यात. बाहेरून कोणी फोन केला की तो आधी इथं वाजतो. इथं बसलेली मुलगी तो उचलते, काय हवं ते विचारते आणि बटण दाबून पाहिजे त्या खोलीत पाठवते. दिसला डबा? आता असं समजा, की त्यातल्या दोन तारा मेलेल्या आहेत आणि त्या मुलीनं हे वरच्या साहेबांना कळू दिलेलं नाही.

तिचं नाव निवेदिता. त्या दिवशी ती जिना चढत होती... चढत कसली, पळत होती. वळणावर समोरून येणाऱ्या एका तरुणावर ती आदळली. त्याच्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि पायरी पायरीवर वाजत खाली गेला.

“लागलं का हो?” तिनं घाबरून विचारलं.

“मले नाही. त्याले लागलं असंल, बिचारा खालपर्यंत गेला.”

तिला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

“काऊन पळून राह्यल्या इतक्या? वर फोन नाही का?”

“आहे ना... मले पळायची सवय आहे.”

तो आल्हाद. गावात त्याचं फोन दुरुस्तीचं दुकान होतं. दवाखान्याचे सचिव वामनराव यांनी त्याला बोलावलं होतं. तीन दिवस जुनी यंत्रणा तपासायची आणि एका कागदावर लिहून द्यायचं – डब्यातली नवी कार्डं, म्हणजे प्रत्येक तारेची सर्किटची पट्टी, घालून हीच चालवावी, की काढून टाकून नवीन बसवावी? नवीन बसली की रेकॉर्ड केलेला आवाज सांगणार, रुग्णवाहिकेसाठी एक दाबा. आणि घंटा थेट ड्रायव्हरच्या मोबाईलवर वाजणार. मध्ये कोणी बसायची गरजच नाही.

निवेदिताला हे पक्कं ठाऊक होतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि घर तिच्या पगारावर. म्हणूनच दिवाळीत सात नंबर, म्हणजे ड्रायव्हरची खोली, आणि चौदा नंबर, म्हणजे वरचा बाळंतिणींचा वॉर्ड, असे दोन्ही फोन बंद पडले, तेव्हा तिनं तक्रारवहीत ओळ लिहिली नाही. निरोप घ्यायचा आणि पळत जाऊन सांगायचा. दोन मिनिटांचं तर काम.

पण पंधरा दिवसांपूर्वी ती अशीच वर गेली असताना खाली फोन वाजला. ती परत येईपर्यंत थांबला. अर्ध्या तासानं देऊळघाटच्या शेषरावांना शेजाऱ्याच्या मालवाहू ऑटोतून आणलं. श्वास वाटेतच संपला होता. सोबत नऊ वर्षांची नात, काजल. मुठीत मोबाईल घट्ट धरलेला.

“मी लावला होता. दोनदा लावला. कोणी उचललाच नाही,” ती म्हणत होती.

सगळ्यांच्या नजरा निवेदिताकडे वळल्या. आणि ती भीतीनं बोलून गेली, “नंबर चुकला असंल, बाळा.”

पोरीनं हातातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी आल्हाद खोली खोली हिंडून फोन तपासू लागला. प्रत्येक खोलीतून तो निवेदितालाच फोन लावी.

“हॅलो, तीन नंबर. ऐकू येऊन राह्यलं का?”

“हो.”

“मी सकाळपासून उपाशी आहो, हे येऊन राह्यलं का ऐकू?”

“एवढी चांगली नाही तुमची लाइन.”

बाहेर फाल्गुनातलं अवकाळी आभाळ खाली उतरलेलं, भर दुपारी दिवे लावलेले. ती मात्र पुढच्या घंटेची वाट पाहत बसली होती.

“हॅलो, पाच नंबर. खरखर आहे इथं. तुम्ही बोलत राहा, मी ऐकतो.”

“काय बोलू?”

“डब्यात काय आणलं ते सांगा.”

“झुणका... आणि दोन भाकरी जास्तीच्या.”

“जास्तीच्या काऊन?”

“तपासायला येणारे उपाशी असतात, असं कळलं म्हणून.”

मग सात नंबरची पाळी. घंटा वाजलीच नाही. थोड्या वेळानं तो स्वतः दारात उभा राहिला. हसत नव्हता.

“सात मेलंय. चौदाही. दोन्ही कार्डं जळून काळी पडली, आजची गोष्ट नाही ही. वहीत मात्र एक तक्रार नाही. आणि काल तुम्ही जिन्यात...” तो थांबला. त्याला कळलं होतं.

ती फोनची वेटोळी वायर बोटाला गुंडाळत राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यानं कागद तिच्यासमोर ठेवला. “या जुन्या डब्याची कार्डं मिळतात अजून कुठं कुठं. ‘दुरुस्त करून चालवावी’ असं लिहिलं मी. वर्षभर निघंल.”

“खरं आहे ते?”

“अर्धं.” त्यानं नजर उचलली. “दर महिन्याले मी बघायला येईन – हे पूर्ण खरं. तुम्ही इथं असाव्या असं वाटते मले. दवाखान्यासाठी नाही... माझ्यासाठी.”

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. काजलची आई, शालूबाई. मृत्यूचा दाखला न्यायला आली होती. कागदाची घडी करता करता ती म्हणाली, “पोरगी फोनले हात लावत नाही, बाई. वाजला तं उठून जाते. म्हणते, माह्या बोटानं आबा गेले.”

शालूबाई गेली. निवेदितानं आल्हादला सगळं सांगितलं. जिना, घंटा, आणि ते वाक्य. त्यानं समजूत घातली नाही, नुसतं ऐकलं.

“नवीन बसवा असं लिहा,” ती म्हणाली.

“तुमची नोकरी जाईल.”

“माहीत आहे मले.”

“मग ‘ऐकू येऊन राह्यलं का’ हे मी कोणाले विचारू?”

निवेदिता उठली आणि सगळं कबूल करायला वामनरावांच्या खोलीत गेली. पाव तासानं बाहेर आली, तेव्हा कार्यालयाच्या कपाटाची किल्ली, जी रोज तिच्याकडे असे, तिच्याजवळ नव्हती. वामनराव ओरडले नव्हते. किल्ली टेबलावर ठेवा, उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले. तोवर आल्हादनं कागदावरचं खोडून ‘नवीन बसवावी’ असं लिहिलं होतं.

“मी देऊळघाटले चालली,” ती आल्हादला म्हणाली.

“मी येतो.”

“कोण म्हणून येणार?”

“ते तुम्ही ठरवा.”

दोघं मोटरसायकलवरून निघाले. गार वारा तोंडावर येत होता. देऊळघाटच्या अंगणात शालूबाई तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर केली. “हे कोण?”

निवेदितानं आल्हादकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

“हे... आमच्या घरचे होणार आहेत,” ती म्हणाली.

आल्हादनं झटकन मान वर केली. पण ती हसायची जागा नव्हती, हे त्यालाही कळत होतं.

मग निवेदिता काजलसमोर खाली मातीतच बसली. “काजल, त्या दिवशी तुझा फोन बरोबर लागला होता. मी जागेवर नव्हती. नंबर चुकला म्हणाली, ते खोटं होतं. मी भ्याली होती.”

शालूबाईच्या हातातलं सूप थांबलं. “मग पंधरा दिवस काऊन नाही सांगतलं?”

निवेदितानं मान खाली घातली. आल्हाद तिच्याशेजारी येऊन बसला.

काजल उठून घरात गेली. फळीवरचा मोबाईल घेऊन आली आणि निवेदिताच्या जरा लांबच बसली. तिनं त्या दिवसाचा फोन शोधून काढला. एकेक आकडा ती मोठ्यानं वाची, आणि प्रत्येक आकड्याला निवेदिताच्या तोंडाकडे बघे. निवेदिता मान हलवी. शेवटच्या आकड्यालाही तिनं मान हलवली.

मग काजलनं शेतात गेलेल्या वडिलांना फोन लावला, कानाशी धरला आणि म्हणाली, “बाबा, घरी या. म्या नंबर बरोबरच लावला होता.”