पत्र्यावरचे ठोके

विलासनं ती गाडी भंगारातनं उचलली, तेव्हा तिच्या अंगावरची लाल पट्टी अजून पुरती गेली नव्हती. कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्याची अँब्युलन्स होती ती. बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात तो फिटर. चार महिने प्रत्येक रविवारी खपून त्यानं आत दोन्ही बाजूंना एकेक बाकडं, गॅसची शेगडी अन् पाण्याची टाकी बसवली. ड्रायव्हरच्या पाठीमागचा पत्रा तेवढा तसाच राहू दिला.

मे महिन्यात पोरांना घेऊन आठ दिवस फिरायचं होतं. लॉज परवडणारे नव्हते, म्हणून मुक्कामाच्या जागा आधीच हेरून ठेवायला मार्चअखेरच्या एका शनिवारी तो आणि त्याची बायको पंचशीला जनवाड्याहून निघाले. पहिल्या जागी पाणी नव्हतं. दुसरीकडे एका रात्रीचा भाव ऐकून पंचशीला गाडीतून उतरलीच नाही.

तिसरी जागा मात्र दोघांनाही बघताक्षणी आवडली. चिंचोळीच्या पुढं, जंगलाला लागून एक तलाव, अन् काठावर रेवणसिद्धप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं शेत. चिंचेची गार सावली, समोर पाणी.

"दोनशे रुपये द्या एका रात्रीचे, तम्मा. हिरीचं पाणी वापरा," रेवणसिद्धप्पा म्हणाला. "आज राहूनच बघा की. मी एकटाच असतोय, पलीकडं खोपीत."

तो पायवाटेनं निघून गेला. दिवस बुडाला. पाण्यावरचा तांबूस रंग हळूहळू काळवंडला. गाडीबाहेर चटईवर बसून दोघं भाकरी खायला लागली. गाडीला कुलूप होतं, किल्ली विलासच्या खिशात.

"हीच जागा धरू," पंचशीला म्हणाली.

तेवढ्यात गाडीच्या आतून पत्र्यावर ठोके पडले. दोन. सावकाश.

विलासला वाटलं, दिवसभर तापलेला पत्रा निवायलाय. पण थोड्या वेळानं पुन्हा दोन पडले, बोटांच्या पेरांनी वाजवावेत तसे. अन् वारा नसताना स्पिरिटचा वास आला.

पंचशीलानं घास खाली ठेवला. ती बिदरला एका दवाखान्यात नर्स. अँब्युलन्समधून पेशंट नेण्यात तिची सहा वर्षं गेली होती.

"अहो... आमी असंच वाजवतो," ती हळूच म्हणाली. "दोन ठोके म्हणजे पेशंट चढवलाय, गाडी काढा."

विलासनं कुलूप काढून टॉर्च मारला. आत कुणी नव्हतं. बाकड्यांवरच्या चादरींना सुरकुतीसुद्धा नव्हती.

"चला इथनं," पंचशीला म्हणाली, अन् विलासनं एका शब्दानं विचारलं नाही, कामून म्हणून.

शेतातल्या गाडीवाटेनं ते निघाले. दोघंही पुढंच बसलेले. दोन्हीकडं तुरीची वाळलेली खुंटं, समोर दिव्याच्या उजेडात उडणारी धूळ. वळणाला आले अन् विलासच्या पाठीमागं, अगदी मानेजवळ, एकच ठोका पडला. जोरात.

"थांबा," पंचशीला ओरडली. "एक म्हणजे थांबा..."

त्यानं ब्रेक दाबला. धूळ खाली बसली, तेव्हा चाकापासून दोन हातांवर रेवणसिद्धप्पा वाटेत आडवा पडलेला दिसला. पापण्या मिटायला लागल्या होत्या. पिंढरीला सापाच्या दोन दातांच्या खुणा, अन् पाय सुजून टम्म.

"तुमच्याकडंच यायलो होतो... हाक निघंना," तो पुटपुटला.

मग भ्यायला सवडच कुठली? दोघांनी त्याला उचलून डाव्या बाकड्यावर निजवलं. पंचशीला मागं त्याच्याजवळ खाली बसली, त्याला बोलता ठेवत, श्वास बघत. तिनंच पत्र्यावर दोन ठोके दिले, अन् विलासनं गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेस्तोवर त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

औषध लागू पडलं. पहाटे डॉक्टर बाहेर आले अन् म्हणाले, "वेळेवर आणलं तुमी. वाचला म्हातारा." पंचशीला रडली, मग तिला हसू आलं. टपरीवर दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला. इतका गोड चहा विलासनं कधी प्यायला नव्हता.

ऊन वर आल्यावर ते रेवणसिद्धप्पाला भेटायला गेले. त्यानं पंचशीलाचा हात धरला.

"अक्का, तू लेकीवाणी बसलीस माझ्यापाशी. पर ती दुसरी बाई बरी हाय न्हवं?"

"कोणती दुसरी, अप्पा?"

"समोरच्या बाकड्यावर निजलेली. रस्ताभर एकच इचारायली होती... मला कवा उतरवतेत म्हणून."

पंचशीला उठली, पदर सारखा केला अन् आवारात गेली. विलास तिच्या मागोमाग. तिनं गाडीचं मागचं दार सताड उघडलं. उजवं बाकडं रिकामं होतं.

"उतरा बाई," ती मऊ आवाजात म्हणाली. "दवाखाना आलाय."

आधी काहीच झालं नाही. मग गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा करकर आवाज झाला, अन् मागच्या अंगानं गाडी बोटभर वर आली, आतलं माणूस खाली उतरल्यावर येते तशी.